पुस्तक धरले आणि नाटकाची भाषा कळू लागली

गेली चौदा वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नाट्यउताऱ्याचा पाठ आला की ‘अंक’, ‘प्रवेश’, ‘स्वगत’, ‘नेपथ्य’ अशा शब्दांचे अर्थ मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ते वहीत उतरवून घेत. त्यात चुकीचे काही नव्हते. मात्र आमच्या तालुक्याच्या गावातील एका हौशी संस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवायला घेतले, पडद्यामागे माणसे कमी पडतात म्हणून मला बोलावणे आले, आणि पुढच्या अडीच महिन्यांत माझ्या लक्षात आले की फळ्यावरचा शब्द आणि विंगेतल्या, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआडच्या, अंधारात एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेला शब्द यांत पुष्कळ अंतर असते. फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ अपुरा राहिला तर एखादा गुण जातो. विंगेतल्या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला तर माणूस अंधारात दुसऱ्याच माणसावर आदळतो. नाटकात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि कलाकारांना हे शब्द जसे मला कळत गेले तसे सांगावेत, म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी आम्ही वाचनालयाच्या माडीवर जमलो. दिग्दर्शक बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी टंकलिखित संहितेची एक प्रत माझ्या हातात दिली. तिच्या प्रत्येक छापील पानासमोर एक कोरे पान शिवलेले होते. “बाई, पुस्तक तुम्ही धरा,” एवढेच ते म्हणाले. पुस्तक धरणे म्हणजे नटाचे वाक्य अडले की हळूच शब्द पुरवणे, अशी माझी समजूत होती, आणि ती निम्मीच खरी होती. लेखकाने लिहिलेली ती संहिता. तालमीत ठरत गेलेली प्रत्येक हालचाल, प्रत्येक थांबा, दिव्याची आणि आवाजाची प्रत्येक सूचना जिच्यात नोंदली जाते ती प्रत म्हणजे ‘पुस्तक’. संहिता छापली की पूर्ण होते. पुस्तक शेवटच्या प्रयोगापर्यंत पूर्ण होत नाही, म्हणूनच ते पेन्सिलीने लिहितात.

पहिले वाचन लेखकाने स्वतः केले आणि त्या वेळी नटांनी फक्त ऐकायचे होते. त्यानंतर भूमिकांचे वाटप झाले, आणि मग आठवडाभर गोल बसून ज्याने त्याने आपापली वाक्ये वाचली. या वाचनाला काही जण अभिवाचन म्हणू लागले तेव्हा आबांनी थांबवले. अभिवाचन हा श्रोत्यांसमोर करायचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात आवाजाने सगळे उभे करायचे असते. बसून केलेल्या वाचनात काहीच उभे करायचे नसते, वाक्य कोणाला उद्देशून आहे आणि ते आत्ताच का बोलले जात आहे एवढेच शोधायचे असते. या आठवड्यात आबांचा सर्वांत मोठा आग्रह कंसांबद्दल होता. संवादाच्या मध्ये कंसात येणाऱ्या ज्या रंगसूचना, त्यांना नाटकातली माणसे सरसकट ‘कंस’ म्हणतात. नवखा नट कंस गाळून वाचतो. आमच्या संहितेत एके ठिकाणी ‘(थांबून)’ होते आणि तीन ओळींनंतर ‘(शांतता)’. मी दोन्ही एकच समजले होते. ‘थांबून’ हा एका माणसाचा थांबा असतो, त्याला नाटकवाले पॉज म्हणतात. शांतता रंगमंचावरच्या सगळ्यांची असते, आणि ती मोडायची कोणी हे ठरवावे लागते.

काही शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतात आणि तिथे नवा माणूस हमखास गोंधळतो. ‘प्रवेश’ हा त्यांपैकी पहिला. पहिला अंक, प्रवेश दुसरा, असे आपण लिहितो तेव्हा प्रवेश म्हणजे अंकाचा एक भाग, जो साधारणपणे स्थळ किंवा काळ बदलला की बदलतो. पण पात्र रंगमंचावर येते तोही प्रवेशच. संस्कृत नाटकात पात्र आले की कंसात ‘प्रविश्य’ असते आणि अंक संपताना ‘इति निष्क्रान्ताः सर्वे’, म्हणजे सगळे निघून गेले, असे लिहिलेले असते. रंगमंच रिकामा झाला की अंक संपला, इतका तो हिशेब स्वच्छ होता. आजच्या तालमीत घोटाळा नको म्हणून पात्राच्या येण्याला सगळेच ‘एन्ट्री’ म्हणतात आणि जाण्याला ‘एक्झिट’. या परक्या शब्दांबद्दल सुरुवातीला माझ्या मनात अढी होती. तिसऱ्या दिवशी “प्रवेश परत घ्या” असे कोणीतरी म्हणाले, एक मुलगा दारातून पुन्हा आत आला आणि बाकीचे तिघे दृश्याच्या आरंभी आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, तेव्हा ती गेली.

‘नेपथ्य’ या शब्दाचा प्रवास तर वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. आज आपण नेपथ्य म्हणतो ते रंगमंचावरच्या घराला, भिंतींना, दारा-खिडक्यांना. मूळ संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाचा वेष आणि तो चढवायची पडद्यामागची जागा. म्हणून जुन्या नाटकांत ‘(नेपथ्ये)’ असे आले की तो आतून, पात्र न दिसता, आलेला आवाज समजायचा. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम आकाराच्या आयताकृती नाट्यगृहाची मापे ६४ हात लांबी आणि ३२ हात रुंदी अशी दिली आहेत. त्यांतला पुढचा निम्मा भाग प्रेक्षकांचा, आणि उरलेल्या निम्म्यात रंगमंच आणि त्याच्या पाठीमागे नेपथ्यगृह. म्हणजे जो शब्द मागच्या खोलीचा होता तो आज पुढे, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आला आहे, आणि मागच्या खोलीला आपण मेकअप रूम म्हणू लागलो आहोत.

तालमींना खरी सुरुवात झाली ती दुसऱ्या आठवड्यात. अरबीतून आलेल्या ‘तालीम’ या शब्दाचा अर्थ शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हटले की आधी कुस्तीचा आखाडा डोळ्यांसमोर येतो. नाटकाच्या तालमीतही अंग मोडल्याखेरीज काही साधत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. आपल्याकडे नाटक बसवतात, ते उभे राहते, आणि नीट उभे राहिले नाही तर पडते. ही तिन्ही क्रियापदे माणसाच्या शरीराची आहेत आणि मला ती फार अचूक वाटतात. बसवण्याच्या या टप्प्यात आबांनी प्रत्येक वाक्याला हालचाल दिली. कोण कुठून उठणार, किती पावले चालणार, कोणत्या शब्दावर वळणार, हे सगळे मी कोऱ्या पानावर लिहून घेत होते. कोण कुठे आहे याची एका क्षणाची जी रचना प्रेक्षकांना दिसते तिला आबा कंपोझिशन म्हणत, आणि बोलत असताना हातांनी जे काम चालू असते, म्हणजे सुपारी कातरणे, कंदिलाची काच पुसणे, त्याला बिझनेस. आमच्या नाटकातला थोरला भाऊ वाटणीचा विषय निघताच अडकित्ता हातात घेतो. ‘बोलताना सुपारी’ असे मी लिहिले होते. आबांनी ते खोडून कोणत्या शब्दावर सुपारी फुटते तो शब्द अधोरेखित केला. बिझनेस म्हणजे हातांना चाळा नव्हे. तो वाक्याचाच भाग असतो.

आता माझ्या चुकीबद्दल. रंगमंचाच्या उजव्या आणि डाव्या बाजूचा प्रश्न वाचायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्यामुळे आमची एक रंगीत तालीम अर्धी वाया गेली, म्हणून तो सविस्तर सांगते. रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी बाजू, हा नाटकातला रूढ संकेत आहे. प्रेक्षागारात बसलेल्या माणसाला तीच बाजू डावीकडे दिसते. आबा तालमीत समोर खुर्ची टाकून बसत, पण बोलताना ते नटाच्या बाजूनेच बोलत. मी त्यांच्या शेजारी बसून लिहीत होते. काही पानांवर मी त्यांचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर काही पानांवर मला जे दिसले ते लिहिले. शिवाय एखादा नट गैरहजर असला की त्याच्या जागी उभी राहून मी त्याची वाक्ये वाचत असे आणि नंतर खाली येऊन नोंद करत असे. त्या पानांवरची उजवी आणखी वेगळीच. वाचनालयाच्या माडीवर हे कोणालाच खटकले नाही, कारण हालचाली नटांच्या पायांत बसल्या होत्या आणि माझे पुस्तक उघडून कोणी पाहत नव्हते.

रंगीत तालमीसाठी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणचे नाट्यगृह एका दिवसासाठी घेतले. संपूर्ण वेशभूषा, रंगभूषा, दिवे आणि संगीत यांसह, मध्ये न थांबता, प्रयोगासारखीच करायची ती रंगीत तालीम. सेट लावणारी मंडळी सकाळीच टेम्पोतून पोहोचली होती. त्यांच्याजवळ मी काढून दिलेला नकाशा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात ‘माजघराचे दार – उजवीकडे’ असे लिहिलेले होते. प्रेक्षागारातून रंगमंचाकडे बघत त्यांनी दाराचा फ्लॅट आपल्या उजव्या हाताला उभा केला. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लायवूड ठोकून केलेली भिंत. ती मागून तिरक्या टेकूने उभी राहते आणि टेकूचे पाऊल खिळ्याने किंवा वजनाने पक्के केलेले असते. दारामागे माडीच्या जिन्यासाठी लेव्हल, म्हणजे उंचवट्याचे चौथरे, एकमेकांना जोडून ठेवले होते. आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा हे सगळे पुरे झाले होते आणि प्रकाशयोजनाकार शिडीवर चढून दाराच्या दिशेने दिवे वळवत होता. पहिली एन्ट्री करायला धाकट्या भावाची भूमिका करणारा मुलगा सवयीने त्याच्या विंगेत गेला आणि तिथे त्याच्यासमोर सलग भिंत आली.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक मागितले, चार-पाच पाने उलटली आणि विचारले, “बाई, ही उजवी कोणाची?” मला उत्तर देता आले नाही, कारण पाचांपैकी दोन पानांवर ती नटाची होती आणि तीन पानांवर माझी. दार, भिंत आणि लेव्हल काढून पुन्हा लावायला दीड तास गेला, त्यानंतर सगळे दिवे नव्याने वळवावे लागले, आणि नाट्यगृहाची वेळ संपेपर्यंत आमचा फक्त पहिला अंक झाला. दुसऱ्या अंकाची रंगीत तालीम झालीच नाही.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये मी विजेरीच्या उजेडात पहिल्या पानापासून सगळ्या नोंदी बदलल्या. ‘न.उ.’ म्हणजे नटाची उजवी, ‘न.डा.’ म्हणजे नटाची डावी. प्रेक्षकांजवळचा भाग ‘पुढे’, सायक्लोरामाजवळचा, म्हणजे सर्वांत मागच्या पडद्याजवळचा, ‘मागे’, आणि मधला ‘म’. अशा आडव्या-उभ्या तीन-तीन पट्ट्यांनी रंगमंचाचे नऊ भाग होतात, आणि ‘न.डा. पुढे’ म्हटले की नटाला चालत कुठे यायचे आहे याबद्दल शंका उरत नाही. पुढच्या भागाला इंग्रजीत ‘डाउन’ आणि मागच्या भागाला ‘अप’ का म्हणतात, हेही मला तेव्हाच कळले: युरोपातले जुने रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरते बांधलेले असत, म्हणून मागे जाणारा नट खरोखरच वर चढत असे. आपले रंगमंच सपाट आहेत, पण शब्द चढाचाच राहिला. असाच आपला ‘पडदा पडला’ हा शब्दप्रयोग आहे. पूर्वीचा गुंडाळला जाणारा पडदा वरून खाली येई. आजचा दर्शनी पडदा दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मध्ये मिळतो, तरी नाटक संपले की पडदा पडतोच.

रंगमंचाच्या रचनेतले बाकीचे शब्द थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंना उभे, अरुंद काळे पडदे असतात त्या विंगा. वरून आडवी लोंबणारी, टांगलेले दिवे झाकणारी ती झालर. सर्वांत मागचा पांढरा किंवा फिकट, आकाशासाठी वापरला जाणारा सलग पडदा तो सायक्लोरामा. विंगेत उभ्या असलेल्या नटाने एकच गोष्ट कायम लक्षात ठेवायची: तुम्हाला जर प्रेक्षक दिसत असेल तर प्रेक्षकालाही तुम्ही दिसता.

नटांच्या भाषेकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण अभिनयाबद्दल बोलताना मराठी नाटकवाल्यांनी जे शब्द घडवले आहेत त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. शब्दफेक म्हणजे मोठ्याने बोलणे नव्हे; शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्दाचे शेवटचे अक्षरही पोहोचवणे. वाक्य खाणे म्हणजे शेवटची दोन-तीन अक्षरे घशातच राहू देणे, आणि आमच्यापैकी निम्म्या जणांना ही सवय होती. वाक्य घेणे म्हणजे समोरच्याचे वाक्य संपताच, मध्ये पोकळी न ठेवता, आपले सुरू करणे. पाठांतर पुरे होऊन हातातली प्रत खाली ठेवता आली की पुस्तक सुटले म्हणतात, आणि मला वाटते नट खऱ्या अर्थाने समोरच्याकडे बघायला लागतो तो त्या दिवसापासून. भूमिकेचा स्वभाव, वय, चाल, आवाजाची पट्टी हे सगळे मिळून जे एक धरून ठेवायचे असते त्याला बेअरिंग म्हणतात. प्रेक्षागारात अनपेक्षित हशा आला आणि नट स्वतःही हसला तर त्याचे बेअरिंग सुटले. हशा येतो तिथे पुढचे वाक्य रेटू नये, हशा ओसरू लागला की बोलावे, याला लाफ्टर घेणे म्हणतात.

आईची भूमिका करणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या आणि तरुणपणापासून काम करत आलेल्या. दुसऱ्या अंकात त्यांच्या हातात घराची किल्ली येते आणि त्यांना फक्त एक वाक्य आहे: “हिला गंज चढला रे.” एका तालमीत त्या किल्ली हातात घेऊन गप्प राहिल्या. मी मनात तीनपर्यंत मोजले, वाटले की वाक्य आठवत नाही, आणि विंगेतून “हिला गंज” असे पुरवले. त्यांनी वाक्य म्हटले, प्रवेश पुरा केला, आणि चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “बाई, तो माझा पॉज होता.” मग त्यांनी मला ओळखायचे कसे ते दाखवले. वाक्य विसरलेल्या नटाचा श्वास वर अडकतो आणि नजर सुटते, ती जमिनीकडे किंवा विंगेकडे जाते. पॉज घेणाऱ्या नटाची नजर जिथे असायला हवी तिथेच असते. पुढच्या तालमीत मी पुस्तकाऐवजी त्यांच्याकडे पाहत राहिले. किल्लीवरून त्यांचा अंगठा एकदा सावकाश फिरला, मग बोटे किंचित थरथरली, आणि मग वाक्य आले.

शाळेत मी अभिनयाचे चार प्रकार शिकवते: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेष-अलंकार-रंगभूषेचा, आणि सात्त्विक. या चौथ्याचा अर्थ ‘मनाचा’ असा सांगून मी पुढे जात असे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव दिले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, म्हणजे भान हरपणे. घाम, शहारा, कंप, चेहऱ्याचा रंग उडणे. ज्या गोष्टी माणूस ठरवून करू शकत नाही त्यांची ही यादी आहे, आणि मन पूर्ण एकाग्र झाल्याशिवाय त्या येत नाहीत असे भरत सांगतो. त्या बोटांचा कंप म्हणजे वेपथू. इतकी वर्षे मी तो शब्द पाठ करून घेत होते, पाहिला त्या दिवशी. आबा नटांशी बोलताना मात्र संस्कृत शब्द वापरत नसत. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: “या क्षणी तुला समोरच्याकडून काय हवे आहे?” रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांच्या पद्धतीत याला पात्राचे उद्दिष्ट म्हणतात, आणि वाक्याच्या शब्दांखाली जे न बोललेले वाहत असते त्याला सबटेक्स्ट. किल्लीला गंज चढला, हे वाक्य किल्लीबद्दल नाही हे आमच्यातल्या सर्वांत लहान मुलालाही कळले होते. सबटेक्स्ट या शब्दाची यापेक्षा सोपी ओळख मला माहीत नाही.

आमच्या नाटकाच्या सुरुवातीला नातू एकटा पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलतो. तो सूत्रधार की निवेदक, यावर एका संध्याकाळी बराच वाद झाला. संस्कृत नाटकात नांदीनंतर सूत्रधार येतो, नटीशी किंवा साहाय्यकाशी बोलतो, नाटकाची ओळख करून देतो आणि निघून जातो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हाचा सूत्रधार मात्र जात नसे. तो पदांमधून कथा पुढे नेई आणि पात्रे प्रसंगाला सुचेल ते उत्स्फूर्त बोलत. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. निवेदक नुसते सांगतो. सूत्रधाराच्या हातात प्रयोगाचे दोर असतात. आमचा नातू दुसऱ्या अंकात स्वतः दिवा विझवून प्रवेश संपवतो, म्हणून शेवटी पुस्तकात मी ‘सूत्रधार’ असेच लिहिले. त्याचे बोलणे स्वगत नव्हे, हेही तेव्हाच स्पष्ट झाले. स्वगतात पात्र स्वतःशी बोलते आणि प्रेक्षक ते जणू चोरून ऐकतात. जनांतिकात दोन पात्रे इतरांना ऐकू जाऊ नये अशा रीतीने बोलतात, आणि संस्कृत रंगभूमीवर त्यासाठी त्रिपताक हस्ताचा, म्हणजे अनामिका वाकवून बाकीची बोटे सरळ ठेवलेल्या हाताचा, आडोसा करण्याचा संकेत होता. नातू मात्र सरळ प्रेक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलतो. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधली जी न दिसणारी चौथी भिंत मानलेली असते ती तो ओलांडतो.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी तांत्रिक तालीम झाली, तीही मिळेल त्या सभागृहात. या तालमीत नटांनी अभिनय करायचा नसतो; एका सूचनेपासून पुढच्या सूचनेपर्यंत उड्या मारत जायचे असते. दिव्याचा किंवा आवाजाचा बदल ज्या शब्दावर किंवा कृतीवर व्हायचा ती खूण म्हणजे क्यू. प्रकाश हळूहळू जातो तो फेड आउट, एकदम जातो तो ब्लॅकआउट; एका भागातला प्रकाश उतरत असतानाच दुसऱ्या भागात चढतो तो क्रॉस फेड. हेडफोनवरून मी म्हणाले, “आता घ्या,” आणि दिव्यांच्या माणसाबरोबर संगीताच्या माणसानेही घेतले. वाड्यात संध्याकाळ व्हायच्या आत रातकिडे ओरडू लागले. मग आम्ही प्रत्येक क्यूला क्रमांक दिला. “दिवा बारा, तयार,” आणि मग खुणेच्या शब्दावर, “दिवा बारा, घ्या.” ‘घ्या’ हा शब्द हेडफोनवर दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी उच्चारायचा नाही असे ठरले. कोणी चहा घ्या म्हणायचे झाले तरी हेडफोन काढून म्हणे.

धाकट्याची भूमिका करणाऱ्या मुलाला प्रकाशात उभे राहणे जमत नव्हते. तो नेहमी अर्धे पाऊल मागे राही आणि त्याचा चेहरा सावलीत जाई. लाइट घे, असे त्याला दहा जणांनी सांगितले होते. आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी त्याला हाताला धरून स्पॉटमध्ये पुढे आणले आणि म्हणाल्या, “जमिनीकडे बघू नकोस. कपाळाला ऊब लागली की थांब.” ब्लॅकआउटमध्ये जागा सापडावी म्हणून आम्ही जिन्याच्या कडेला आणि पलंगाच्या पायापाशी रेडियमच्या पट्टीचे नखाएवढे तुकडे लावले होते, पण त्या दिवसानंतर त्याला प्रकाशासाठी कुठल्याच खुणेची गरज लागली नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारीच सेट लागला. दार नटाच्या उजव्या हाताला. नटराजाची पूजा झाली, नारळ वाढवला, आणि विंगेपर्यंत उदबत्तीचा वास पोहोचला. पहिली घंटा म्हणजे नटांनी रंगभूषा आवरायची, दुसरी म्हणजे सगळ्यांनी आपापल्या विंगेत यायचे, आणि तिसऱ्या घंटेनंतर रंगमंचावर कोणी पाऊल टाकायचे नाही. प्रयोग या शब्दाचा आपल्या भाषेतला दुसरा अर्थ, करून पाहणे, हा त्या क्षणी मला अगदी जवळचा वाटला, कारण दुसऱ्या अंकाची रंगीत तालीम आमची झालेलीच नव्हती. “दिवा एक, तयार,” मी म्हणाले. दोन तास दहा मिनिटांत मला एकही शब्द पुरवावा लागला नाही. किल्लीच्या प्रवेशात बाई गप्प राहिल्या तेव्हा मी मोजले नाही. प्रेक्षागारात कोणी खोकलेही नाही.

पंधरा दिवसांनी एका गावातून यात्रेत प्रयोग करण्यासाठी विचारणा झाली. आबा जागा पाहून आले. शाळेच्या मैदानावर पत्र्याच्या पिंपांवर फळ्या टाकून केलेला मंच, तीन बाजूंनी प्रेक्षक, झालर नाही, सायक्लोरामा नाही, आणि ये-जा करायला मागच्या बाजूला एकच वाट. म्हणजे विंग एकच, आणि नटाच्या उजव्या-डाव्या हाताला जिथे विंगा होत्या तिथे आता सतरंजीवर बसलेली माणसे असणार. आबांनी माडीवर येऊन पुस्तक माझ्यासमोर ठेवले. मी खोडरबर घेतला आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या ‘न.उ.’पासून सुरुवात केली.